पूजेचा पत्रा

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वस्तूंची ताकद तपासायची लॅब आहे. तिथल्या मॅडमनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात चांगल्या शब्दाला फारशी जागा नाही आणि त्यांचं राहून जाईल. त्या माझ्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा "हा माणूस थरथरतोय कशाला? पडला तर माझ्या मशीनवर पडायचा, लांब उभं करा याला," असं म्हणाल्या. तरी वाचवलं त्यांनीच. ज्यांच्या डब्यातलं कालवण मी रोज खात होतो आणि जे माझ्या डब्यातलं खात होते, त्यांच्यातला एकजणही तोंड उघडून बोलला नाही.

मी इस्लापूरकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच जायचा बंद झालो आणि कुणी बोलवायलाही आलं नाही. मग इकडं तिकडं करत लातूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये कामाला लागलो. नकाशावर बघितलं तर फार लांब वाटत नाही, पण गाड्या बदलून बदलून जावं लागतं आणि उतरल्यावर ओळखीचं एकही माणूस नसतं. बोलणंसुद्धा वेगळं. मी "पुसून राहिलो" म्हणालो की शेडमधले म्हणायचे, "पुसून राहिला म्हणं! बघ, पुसून जाशील." ते स्वतः "पुसलालो" म्हणतात, त्यात मात्र हसण्यासारखं काही नसतं. सहस्रकुंडचा धबधबा आमच्या बाजूला, म्हणून माझं नाव पडलं धबधब्या. एकदा बायको डबा द्यायला आली तर तिलाही गेटवर विचारलं, "धबधब्याची का?"

हे सगळं मी गिळत होतो ते लेकीसाठी. ती त्या वर्षी लातूरच्या शाळेत पहिलीत गेली होती. घरी आली की चप्पल काढायच्या आत दप्तर उघडून बसायची. मला ज्याची भीती वाटायची त्याची तिला भूक होती. काम गेलं तर भाड्याची खोली जाणार आणि आम्ही तिघं परत गावी. गावाकडं शाळा नाही असं नाही. आहे. मी त्याच शाळेतून सुटलो होतो.

आमच्या शेडमध्ये खासगी बसच्या पायऱ्यांच्या फळ्या व्हायच्या. वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली पत्रा, मधे काचेच्या धाग्यांच्या चटईचे थर, आणि सगळं राळेनं एकमेकांना चिकटवलेलं. नुसता पत्रा घेतला तर पाय पडून पडून त्याला पोचे येतात. नुसतं फायबर घेतलं तर ते कडक, पण एकदा तडकलं की आधी सूचना न देता तुटतं. दोन्ही एकजीव झाले की पत्रा फायबरला सांभाळतो, फायबर पत्र्याला, आणि लोखंडापेक्षा कितीतरी हलकी फळी जाडजूड माणूस पेलते. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. तोडून फेकलेले तुकडे हातात घेऊन वाकवून वाकवून कळलं.

माझं काम पत्रा तयार करायचं. पॉलिश पेपरनं घासून त्याची चकाकी मारायची, थिनरच्या फडक्यानं पुसायचा, आणि मग उघडा हात न लावता खाकी कागदात गुंडाळून ठेवायचा. बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नाही. घासलेला पत्रा दिसायला वाईट दिसतो, राख फासल्यासारखा. पण राळ त्यालाच धरते. माझे पत्रे कधी सुटले नव्हते. भित्र्या माणसाचं एक बरं असतं, तो पुसलेलंच परत पुसतो.

शेडचे मालक कपाळाला भस्माचे पट्टे ओढूनच गेटातून आत यायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापर्यंत आमचं बोलणं पोचायचं ते मिस्त्रीच्या तोंडून, आणि मिस्त्रीच्या तोंडून काहीही सरळ बाहेर पडत नसे. हा मिस्त्री मला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघायचा. त्याला त्या जागेवर त्याचा मेहुणा बसवायचा होता. त्याच्याबद्दल मी आजही चांगलं लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही.

खंडेनवमीला आमच्या इथं सगळी अवजारं धुऊन, तेलाचा हात लावून, हळद-कुंकू वाहून पुजतात. रोलर, कातऱ्या, ग्राइंडर, साचे, सगळे ओळीनं मांडले होते. झेंडूच्या माळा लावल्या होत्या. नांदेडच्या एका बस बांधणाऱ्याकडून मोठी ऑर्डर आली होती, म्हणून अप्पा खुशीत होते. त्यांची नजर कोपऱ्यातल्या माझ्या पत्र्यांच्या चळतीवर गेली.

"हे झाकून का ठिवलंय? हीच खरी लक्ष्मी. उघडा."

मी काही बोलायच्या आत मिस्त्रीनं खाकी कागद ओढून काढले. अप्पांनी राखेच्या रंगाचे ते पत्रे बघितले आणि त्यांना बरं वाटलं नाही. खोबरेल तेलाचं फडकं घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक पत्रा चमकवला. मग प्रत्येकावर हळद-कुंकवाची बोटं. "आता कसं, तोंड धुतल्यावानी दिसतंय," म्हणाले. नमस्कार करताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी बघितलं. त्यांच्या मनात काही खोट नव्हती.

दसरा झाला. कामावर आल्यावर मी थिनरचा डबा घेतला तर अप्पा म्हणाले, "पूजेची खूण हाय ती. लक्ष्मीला थिनर लावत्यात व्हय? कोरड्या फडक्यानं पुसा, बास." आणि ते आत फोनवर गेले.

मी मिस्त्रीकडं गेलो. "मिस्त्री, तेल हाय त्याच्यावर. परत घासून घेऊ का? राळ धरणार नाही."

"तू अप्पाच्या पूजेवर घासणी फिरवणार?"

"तसं नाही..."

"मग कसं? आला मोठा इंजनेर. राळ सगळ्याला धरती. पूस गप."

मी गप पुसलं. कोरड्या फडक्यानं जेवढं निघालं तेवढं निघालं. तेल फडक्यावर येत होतं आणि फडकं तेच तेल पत्र्यावर पसरवत होतं. शेडमधल्या सगळ्यांनी हे बघितलं. सगळ्यांनी हे ऐकलंही.

फळ्या झाल्या, दिसायला एक नंबर, आणि नांदेडला गेल्या. काही दिवसांनी अप्पांचा फोन वाजला आणि आतून बस बांधणाऱ्याचा आवाज आम्हाला शेडमध्ये ऐकू आला, इतका तो ओरडत होता. बस उभी असताना त्याचा एक कामगार पायरीवर चढला. फळी कटकन वाजली आणि कडेनं उघडली. "लेकरांची गाडी हाय ती! शाळेची! लेकरू पडलं असतं तर तुमच्या नावानं ठाण्यात बसलो असतो मी. लॅबमधून तपासून आणा काय भानगड हाय, न्हाईतर सगळा माल परत!"

अप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं.

"धबधब्यानं पत्रे घासलेच न्हाईत, अप्पा. मी सांगून सांगून थकलो. गावाकडं जायची घाई असती ह्येला."

मी दसऱ्याला गावी गेलोच नव्हतो. मी आजूबाजूला बघितलं. एकजण रोलर धूत होता, तो धुतलेला रोलर परत धुवायला लागला. दुसऱ्यानं खिशातून मोबाईल काढला. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरातलं काही चोरलंय. लेकरांच्या गाडीची फळी. मलाही लेकरू आहे. तेवढं तरी त्यांना आठवायला पाहिजे होतं.

नांदेडला जायचं ठरलं. मलाही गाडीत घेतलं. कशाला ते वाटेत कळलं. पिकअपमध्ये मिस्त्रीनं मला समजावून सांगितलं, अप्पा समोर बघत गाडी चालवत असताना.

"हे बघ. लॅबवाल्या बाईला म्हणायचं, माझ्याकडून पत्रा घासायचा राहिला. मग बसवाल्याकडं जायचं, त्याच्यासमोर हात जोडायचे, म्हणायचं चूक माझी. त्याचा राग उतरला की ऑर्डर वाचती. तू उद्यापासून घरी. अप्पा तुझा हिशेब चांगला करतील. व्हय का न्हाई, अप्पा?"

अप्पांनी गिअर बदलला. गाडीनं अहमदपूर मागं टाकलं. माझ्या मांडीवर डब्याची पिशवी होती आणि तिच्यात मी जुन्या मालातल्या चांगल्या फळीचा एक तुकडा लपवून आणला होता. कशासाठी, ते मलाच नीट माहीत नव्हतं. जायचंच आहे तर जायच्या आधी कुणीतरी एकदा माझं नीट केलेलं काम बघावं, एवढंच असेल.

लॅबमध्ये मॅडम एका विद्यार्थ्याला झापत होत्या. त्याचं झाल्यावर आमच्याकडं वळल्या. आम्ही आणलेली त्याच मालातली फळी हातात घेतली, उलटी केली, नखानं कड टोकरली.

मिस्त्री पुढं झाला. "मॅडम, तपासायचं काय लई न्हाई. ह्या माणसानं पत्रा घासला न्हाई. तेवढं तुम्ही लिहून द्या. कामगाराची चूक म्हणून."

"तुम्ही तपासून आलात का?"

"न्हाई, पण..."

"मग मला तपासू द्या. आणि कामगाराची चूक मोजायचं मशीन अजून आलेलं नाही इथं." मग माझ्याकडं बघून, "आणि हा थरथरतोय कशाला?" वगैरे, ते वर लिहिलंच आहे. नंतर म्हणाल्या, "चांगल्या मालातलं काही आणलंय? कशाशी ताडून बघू मी?"

मी डब्याची पिशवी उघडली. मिस्त्रीनं दात खाल्लेले मला ऐकू आले.

आधी त्यांनी माझा जुना तुकडा मशीनवर ठेवला. दोन बाजूंना दोन टेकू, आणि वरून मधोमध एक बोथट दांडा दाबत खाली येतो. समोरच्या पडद्यावर रेघ चढत गेली. चढत गेली, चढतच गेली. तुकडा हळूहळू वाकला, आतले धागे करकरले, आणि शेवटी फाटला तेव्हा धाग्यांचे झुबके बाहेर आले आणि त्यांच्यासोबत पत्रा चिकटूनच राहिला. मॅडमनी आकडा लिहून घेतला. मला त्या वेळी विनाकारण रडू आलं आणि मी खिडकीकडं बघितलं.

मग पूजेच्या फळीतला तुकडा. रेघ थोडी चढली, कटकट असा आवाज आला आणि रेघ खाली पडली. तुकडा तुटला नव्हता. खारी बिस्किटाचे पापुद्रे सुटावेत तसा उघडला होता. पत्रा वेगळा, फायबर वेगळं.

"बघा," मॅडम मिस्त्रीला म्हणाल्या. "पत्ते खेळता ना?"

"मी? कधी कधी."

"कॅट हातात घेऊन वाकवला की वाकतो, कारण एकेक पान दुसऱ्यावरून घसरतं. तीच पानं एकमेकांना पक्की चिकटवा आणि मग वाकवून दाखवा. पत्रा पण चांगलाय, फायबर पण चांगलंय. फक्त दोघांची गाठच पडलेली नाही. जोर एकाचा दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून दोघंही एकेकटे मरतात."

"तेच म्हणलालो मी. घासलं न्हाई ह्यानं."

मॅडमनी सुटलेला पत्रा भिंगाखाली धरला. "घासलंय की. चांगलं बारीक घासलंय, सगळीकडं सारखं." मग त्यांनी एका बाटलीतून पत्र्यावर पाणी सोडलं. पाणी पसरलं नाही. अळूच्या पानावर राहतं तसं त्याचे थेंब थेंब उभे राहिले. मॅडम माझ्याकडं वळल्या. "तेल आहे हे. घासल्यानंतर लागलेलं. कोणी लावलं?"

मी खाली बघितलं. अप्पा माझ्या बाजूलाच उभे होते.

"तोंड आहे का नाही तुला?"

मॅडम चिडल्या. पत्र्याची दुसरी कड उजेडात धरून बघितली आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "आणि हे पिवळं काय? हळद? अरे, पत्र्याचं लगीन लावलं होतं का तुम्ही?"

त्यांचा विद्यार्थी फिसकन हसला. मिस्त्रीनं लगेच तोंड घातलं. "ते खंडेनवमीचं, मॅडम. पूजा करतोच आपण. पण नंतर ह्यानं थिनरनं पुसायला नको का? ह्येचं कामच ते हाय."

"पुसायला पाहिजे होतं," मॅडम म्हणाल्या. "नुसतं थिनर नाही, परत घासायलाच पाहिजे होतं. मला सांगा, जो माणूस इतकं एकसारखं घासतो, तो तेल दिसत असताना तसंच राळ लावू देईल? याला कोणीतरी नको म्हणालं असणार. कोण म्हणालं?" त्या मिस्त्रीकडं बघत होत्या. मग अप्पांकडं बघायला लागल्या. आणि बघतच राहिल्या. दुसऱ्याला बोलायला लागावं म्हणून गप्प राहणारी बाई मी आधी बघितली नव्हती.

"मी म्हणालो," अप्पा म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, "अप्पा, तुम्ही कशाला..."

"गप बस तू."

मॅडमनी सुस्कारा सोडला. त्यात दया नव्हती, वैताग होता. "देव तुमचा, पूजा तुमची, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण जो पत्रा जोडायचाय त्याला तेल नाही, हळद नाही, बोट नाही. पूजा करायची तर तयार झालेल्या फळीची करा. शाळेच्या गाडीला लावताय तुम्ही हे. अहवालात मी लिहिणार की पृष्ठभागावर तेल राहिल्यानं थर सुटले. कामगाराचं नाव त्यात येणार नाही. पैसे भरून पाहिजे तसं लिहून घ्यायचं असेल तर दुसरीकडं जा, आणि मी फोन करून त्यांनाही सांगेन." मग माझ्याकडं वळून, "आणि तू. पुढच्या वेळी कोणी तेल लावलं तर तिथंच ओरडायचं. माझ्यासमोर येऊन मुका होऊ नकोस."

तिथून निघालो. गाडी बस बांधणाऱ्याच्या वर्कशॉपसमोर थांबली. मी उतरायला लागलो, कारण हात जोडायला मला आणलं होतं. अप्पा म्हणाले, "तू बस." मिस्त्री उतरायला लागला. "तू पण बस."

ते एकटे गेले. काचेतून दिसत होतं सगळं. बस बांधणारा हात उडवून बोलत होता, अप्पा उन्हात उभे होते. मग अप्पांनी हात जोडले. कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळले होते. जे हात तिथं जोडायचे होते ते माझे होते, आणि मी गाडीत बसून बघत होतो.

मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाला, "बघ. तुझ्यापायी अप्पाला हात जोडावे लागले. लाज वाटती का?"

मी एवढी वर्षं ज्याला भीत होतो त्याला त्या दिवशी पहिल्यांदा उलट बोललो. "माझ्यापायी नाही," म्हणालो. फार काही नाही, तेवढंच. आणि आवाज थरथरला नाही.

लातूरला उतरवताना अप्पा म्हणाले, "सकाळी ये." माफी मागितली नाही, आणि मी अपेक्षाही केली नव्हती. सगळ्या फळ्या नव्यानं केल्या. मिस्त्री तिथंच राहिला. तोही राहिला आणि त्याचा राग पण. माझा पॉलिश पेपर लपवायचा, थिनरच्या डब्यात पाणी ओतायचा, पोरांना माझ्या शेजारी बसू द्यायचा नाही. शेडमधल्यांनी मला परत डब्यात घेतलं, पण मीच माझा डबा वेगळा खायला लागलो. रोलर दोनदा धुणाऱ्याचं कालवण मला गोड लागत नाही. आता खंडेनवमीला माझे पत्रे मी कुलपात ठेवतो. मिस्त्री म्हणतो, "धबधब्यानं देवाला कुलूप घातलं." म्हणू दे. लेक आता पुढच्या वर्गात गेली आहे आणि शाळा लातूरचीच आहे.

मॅडमना भेटायला मी एकदा गेलो. माहूरला दर्शनाला गेलो होतो, येताना नांदेडला थांबलो आणि प्रसादाचा पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "लाच आहे का ही?" मी काही म्हणायच्या आत त्यांनी पुडा फोडून विद्यार्थ्यांत वाटला आणि मला दाराकडं बोट दाखवलं. "काम आहे आम्हाला. तुला नाही का?" एवढीच भेट. मला वाईट वाटलं नाही. त्यांनी मला गोड बोलून सोडलं असतं तर कदाचित मी त्यांना विसरलो असतो.

म्हणून इथं लिहून ठेवतो. कधीतरी माझी स्वतःची लहानशी शेड होईल, कुणाच्या मेहुण्याची नाही, माझी. त्या शेडमधली पहिली फळी मी विकणार नाही. ती घेऊन नांदेडला जाईन आणि मॅडमना म्हणेन, तोडा. रेघ चढेल तेवढी चढू द्या. थर सुटले तर सगळ्या विद्यार्थ्यांसमोर मला शिव्या द्या, मी उभा राहून ऐकेन. आणि धागे फाटून पत्रा चिकटूनच राहिला, तर समजा की तुमचं थोडंसं फेडलं. बाकीचं राहिलेलं मी फेडतच राहीन.